भांडणालाही पायऱ्या असतात

‘मंडळी’ या मराठी शब्दाची मोठी मौज आहे. जुन्या वळणाचा गृहस्थ पत्नीविषयी बोलताना ‘आमची मंडळी’ म्हणतो; कीर्तनकार श्रोत्यांना ‘मंडळी’ म्हणूनच साद घालतो; लग्नघरी वराकडची ‘मंडळी’ उतरतात; आणि महाराष्ट्रातले ख्रिस्ती लोक रविवारी ज्या समुदायाबरोबर उपासनेला बसतात, त्या समुदायालाही ‘मंडळी’ हेच नाव देतात. इमारत बांधता येते, विकता येते. मंडळी मात्र माणसांनीच होते. आणि जेथे माणसे एकत्र आली, तेथे भांड्याला भांडे लागायचेच. सप्ताहाच्या वर्गणीवरून, देवस्थानच्या पंचांवरून, जमातीच्या हिशेबावरून आपल्याकडे कोणत्या गावी वाद झालेला नाही? तेव्हा ख्रिस्ती मंडळीत भांडणे होतात, यात नवल ते काय!

मी स्वतः ख्रिस्ती नव्हे. पण एम.ए.च्या अभ्यासाच्या वेळी बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई, रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाई यांच्या लेखनाची गोडी लागली ती आजतागायत सुटलेली नाही. शिवाय मी ज्या शहापूर-मुरबाड भागात मराठी शिकवतो, तेथे माझे काही विद्यार्थी या समाजातले आहेत. त्यांच्यामुळे एका लहानशा मंडळीतले भांडण मला जवळून पाहावयास मिळाले. ते झाले मोबाईलवर. म्हणून त्याची हकीकत सांगतो. गाव आणि नावे मात्र सांगणार नाही.

खिशातली चावडी

हा मुलूख ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द. एकीकडे माहुलीचे सुळके, दुसरीकडे माळशेजचा घाट, आणि मधे भातखाचरे, वाड्या आणि पाडे. २०१४ साली ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा निघाला, तेव्हा हे दोन तालुके ठाण्यातच राहिले. शहापूरकरांना आसनगावच्या स्टेशनाचा आधार आहे. मुरबाडकरांची भिस्त एस.टी.वर आणि मोटारसायकलीवर. तानसा आणि भातसा ही धरणे शहापूर तालुक्यातली; त्यांचे पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. अशा या भागात ख्रिस्ती कुटुंबे मोजकी आणि विखुरलेली. कोठे पाच घरे, कोठे दोन. रविवारी कोणाच्या तरी पडवीत किंवा पत्र्याच्या शेडखाली सारे जमायचे. पाळक यायचे ते कल्याणहून, तेही महिन्यातून दोनदा.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि देवळे, मशिदी, चर्च, सारेच बंद झाले. महाराष्ट्रात ती दारे उघडली त्या वर्षीच्या दिवाळी पाडव्याला, १६ नोव्हेंबरला. दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली, ती ७ ऑक्टोबर २०२१ रोजी घटस्थापनेच्या दिवशी उघडली. या मधल्या काळात गावोगावच्या भाविकांनी जे केले तेच या मंडळीनेही केले: व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला. सकाळी वचन, संध्याकाळी प्रार्थनेची विनंती, कोणाला ताप आहे, कोणाकडे धान्य संपले आहे, याची खबर. त्या दिवसांत हा ग्रुप म्हणजे खरोखर आधार होता. कोणाच्या घरी औषध पोचवायचे, कोणासाठी गाडी पाहायची, हे त्यावरच ठरत असे.

टाळेबंदी उठली, ग्रुप राहिला. आणि जो आधार होता तो हळूहळू चावडी झाला. फरक इतकाच की, गावच्या चावडीवर जायला उठावे लागते, पायांत चपला घालाव्या लागतात, आणि वाटेत राग थोडा निवतो. ही चावडी खिशात असते.

चार शब्दांचे वाक्य

उपासनेच्या शेडवर नवे पत्रे घालायचे ठरले. वर्गणी जमली, पत्रे आले, काम झाले. पैशाचा व्यवहार पाहणारे गृहस्थ जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. त्यांना सारे ‘गुरुजी’च म्हणत. दोन महिने झाले तरी हिशेब काही वाचून दाखवला गेला नाही. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर काम करणारा एक तरुण, माझा जुना विद्यार्थी, रात्री साडेदहाला पाळी संपवून घरी आला आणि त्याने ग्रुपवर एक वाक्य टाकले:

‘पत्र्याचा हिशेब कधी मिळणार?’

एवढेच चार शब्द. त्यावर कोणी तरी अंगठ्याचे चित्र डकवले. पाहता पाहता सात अंगठे झाले. मग एका उत्साही गृहस्थाने येशूच्या शिष्यांतल्या यहूदाची आठवण काढली. थैली त्याच्याकडे असे आणि तो तीतले पैसे काढी, असे योहानाच्या शुभवर्तमानात आहे. नाव कोणाचेच घेतले नव्हते. घ्यायची गरजही नव्हती. गुरुजींनी रात्री एक वाजेपर्यंत ते अंगठे मोजले. त्यांतले चार जण त्यांच्या हाताखाली बाराखडी शिकलेले होते. पहाटे त्यांनी ग्रुप सोडला. कोणी तरी त्या सगळ्याचा स्क्रीनशॉट काढून उल्हासनगरच्या नातेवाइकांना पाठवला. तो फिरत फिरत गावातल्या इतर आळ्यांतही आला, आणि ‘त्यांच्यात पैसे खाल्ले’ अशी बोलवा झाली.

दोन्ही बाजू माझ्याकडे आल्या, आणि दोघांचा प्रश्न एकच. “सर, तुम्ही मराठीचे. या वाक्याचा अर्थ काय होतो ते तुम्हीच सांगा.” तरुण म्हणाला, “मी नुसतं विचारलं. चोर म्हटलंय का कुठं?” गुरुजी म्हणाले, “विचारायचं होतं तर ओटीवर यायचं. चहा घ्यायचा आणि विचारायचं. रात्री, सगळ्यांदेखत, हे विचारणं झालं का?”

आता मराठीचा शिक्षक म्हणून मला जे दिसले ते असे. हेच वाक्य तोंडाने म्हणून पाहा. ‘कधी’वर जोर दिला तर उतावीळपणा दिसतो, ‘हिशेब’वर दिला तर संशय, कशावरच न दिला तर साधी चौकशी. कागदावर हा जोर उमटत नाही. वाचणारा आपल्या मनातला जोर त्याला देतो. दुसरे असे की, मराठी माणूस बोलताना नाते वाक्याच्या शेपटाला बांधतो. ‘कधी मिळणार हो, गुरुजी?’ या वाक्यातला ‘हो’ आणि ‘गुरुजी’ काढून टाका. अर्थ तोच राहतो, पण नाते गळून पडते. आपले ‘हो’, ‘रे’, ‘गं’, ‘बरं का’, ‘ना’ हे इवलेसे शब्द व्याकरणात कोपऱ्यात बसतात. संसारात मात्र सारा भार तेच वाहतात. मोबाईलवर घाईने लिहिताना आपण पहिल्यांदा गाळतो ते हेच. आणि या वाक्यात तर ‘तू’ही नाही, ‘तुम्ही’ही नाही, ‘मिळणार’ या क्रियापदाने आदर दाखवायला जागाच ठेवलेली नाही. तेव्हा दोघांचेही खरे होते. लिहिणाऱ्याने शिवी दिली नव्हती. वाचणाऱ्याला मात्र ती ऐकू आली होती.

एक निरोप पोचला नाही

भांडण इथवरच राहते तर त्याची कथा सांगण्याचे कारण नव्हते. पुढे पाचच आठवड्यांनी मंडळीतली सर्वांत वडील बाई वारली. तिला सारे ‘मोठीबाई’ म्हणत. निरोप रात्री ग्रुपवर टाकला गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी दफन. सर्वांना वाटले, गुरुजींनी वाचला असेल. व्हॉट्सॲपने २०२२ साली अशी सोय केली आहे की, कोणी ग्रुप सोडला तर ते फक्त ॲडमिनलाच कळते, इतरांना नाही. भिडस्त माणसांसाठी ही सोय चांगलीच; पण येथे तिचा परिणाम असा झाला की, गुरुजी ग्रुपमध्ये नाहीत हे बहुतेकांच्या ध्यानातच नव्हते. त्या मंडळीत कोणाचेही दफन असो, कबरेपाशी शास्त्रपाठ वाचायचा तो गुरुजींनी, ही चाळीस वर्षांची रीत. त्या दिवशी पाठ दुसऱ्याने वाचला. ‘रुसले असतील’ असे लोक म्हणाले. गुरुजींना कळले ते संध्याकाळी, एस.टी.च्या थांब्यावर, परक्या माणसाकडून. ते तसेच उठून एकटे कबरेवर गेले आणि अंधार पडेपर्यंत तेथे बसून राहिले.

थोड्या घरांच्या समाजात भांडणाची किंमत अशी मोजावी लागते. शहरात एका चर्चमध्ये पटले नाही तर माणूस दुसऱ्यात जातो. येथे दुसरे चर्च कोठले? खांदा द्यायला लागणारे चार जण, लग्नात वाढपाला उभे राहणारे दहा जण आणि रात्री-अपरात्री गाडी काढून दवाखान्यात नेणारा एक जण, हे सारे त्या मोजक्याच घरांतून यायचे असतात.

उलटा जिना

या समाजाच्या धर्मग्रंथात भांडणाची रीत अगदी स्पष्ट घालून दिलेली आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात येशू सांगतो, त्याचा आशय असा: भावाचा काही अपराध झाला तर आधी त्याला एकांतात गाठा, तो ऐकेना तर एकदोघांना बरोबर न्या, तरीही ऐकेना तर मग मंडळीला सांगा. तीन पायऱ्या. ख्रिस्ती नसलेल्यालाही पटावी अशी ही व्यवहाराची गोष्ट आहे. आपल्या जुन्या पंचायतीही थोड्याफार अशाच चालत. आधी घरात, मग भावकीत, मग चावडीत.

मोबाईलने हा जिना उलटा केला. आता पहिली पायरी सगळ्या मंडळीची. मग दोघातिघांचे वेगळे ग्रुप निघतात, आणि तेथे पहिल्या ग्रुपची चिरफाड होते. एकांतात गाठण्याची पायरी शेवटी उरते. पण तोवर तोंड पाहण्याचीही इच्छा राहिलेली नसते. चारचौघांत बोलले गेले की माणूस शब्द मागे घेत नाही. साक्षीदार फार झालेले असतात. एकांतात ‘चुकलं माझं’ म्हणायला जेवढे धैर्य लागते, त्याच्या दसपट साठ जणांसमोर लागते.

कोणी म्हणेल, पौलाने तर जाहीर पत्रांतून भांडणे मिटवली! खरे आहे. करिंथ येथल्या मंडळीत ‘मी पौलाचा’, ‘मी अपुल्लोसाचा’, ‘मी केफाचा’ असे तट पडले होते, आणि पौलाने पत्र लिहून सर्वांचीच कानउघाडणी केली. फिलिप्पैकरांच्या पत्रात तर युवदीया आणि सुंतुखे या दोन भगिनींना त्याने नावे घेऊन एकचित्त होण्याची विनंती केली आहे. पण ते पत्र नीट वाचावे. दोघींना तो वेगवेगळी विनंती करतो, कोण बरोबर हे सांगत नाही, दोघींनी सुवार्तेच्या कामात कष्ट केले असे म्हणतो, आणि जवळच्या सहकाऱ्याला त्यांना साहाय्य करायला सांगतो. भांडण कशावरून होते तेही त्याने लिहिलेले नाही. नावे उरली, मानही उरला. तक्रारीचा मात्र मागमूस नाही.

आजीबाई आणि रमाबाई

आपल्या मराठी मुलखातले उदाहरण हवे असेल तर पंडिता रमाबाईंचे घ्यावे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. तेथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन त्यांच्या मार्गदर्शक. पुढे दोघींचे खटके उडाले, आणि तेही साधे नव्हेत. चर्चचा अधिकार कोठवर मानावा, त्रैक्याचा सिद्धान्त स्वीकारावा की नाही, लहानग्या मनोरमेला कोणते धर्मशिक्षण द्यावे, रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे काय, अशा प्रश्नांवर पत्रे झडली. सिस्टरबाईंना रमाबाई अहंकारी वाटल्या. रमाबाईंनी बजावले की सदसद्विवेकबुद्धी मी कोणाकडे गहाण टाकणार नाही. पण या सबंध वादात रमाबाई त्यांना म्हणत काय? ‘आजीबाई’! इंग्रजी पत्रांत हा मराठी शब्द. आणि पुढे अमेरिकेत असताना मनोरमेला सांभाळायला त्यांनी पाठवले ते वाँटेजलाच, त्याच आजीबाईंच्या हाती. हा पत्रव्यवहार १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. मुळात तो दोघींमधला. जगाने वाचला तो दोघी निवर्तल्यावर.

दुसरे उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. १९१७ साली त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली. ख्रिस्ती धर्म परदेशी पेहरावात राहिला तर या मातीत रुजणार नाही, हे त्यांचे मत. त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला आणि बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यात जागा ठेवली. मतभेद याहून मोठा तो कोणता? तरीही मिशनच्या ‘ज्ञानोदया’ची मराठी बाजू टिळकच १९१९ साली मृत्यू येईपर्यंत सांभाळत होते. नोकरी सुटली, लेखणीचे नाते सुटले नाही. दोन्ही बाजूंचा मोठेपणा यात आहे.

आणि वाटाघाटींना किती धीर लागतो, ते पाहायचे तर चर्च ऑफ नॉर्थ इंडियाकडे पाहावे. तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा द्यावा की जाणत्या माणसालाच द्यावा, अशा मुद्द्यांवर भिन्न मते असणाऱ्या सहा चर्चसंस्था २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात एक झाल्या. बोलणी सुरू झाली होती १९२९ साली! एकेचाळीस वर्षे बसून शेवटी ठरले की, दोन्ही रीती चालाव्यात. आपल्याला मात्र उत्तर निळ्या खुणा दिसल्यापासून पाच मिनिटांत हवे असते.

मग करावे काय?

हा प्रश्न आता जगभरच्या चर्चना पडला आहे. इंग्लंडच्या चर्चने २०१९ साली समाजमाध्यमांवर कसे वागावे याची मार्गदर्शक सूत्रे काढली. व्हॅटिकनने २०२३ साली याच विषयावर एक चिंतनपर पत्रक प्रसिद्ध केले. पण मुरबाडच्या पाड्यावरच्या मंडळीला त्याहून साध्या गोष्टी पुरतील.

पहिली गोष्ट, ग्रुप निरोपाचा आणि प्रार्थनेचा. वादाचा नव्हे, हे एकदा सर्वांनी बसून ठरवावे. वाद निघालाच तर ॲडमिनने शांतपणे लिहावे, ‘यावर आपण रविवारी समोरासमोर बोलू.’ हवे तेव्हा ग्रुपवर फक्त ॲडमिननेच लिहावे, अशी सोय २०१८ पासून आहे. कोणाचाही मजकूर काढून टाकण्याची मुभा ॲडमिनला २०२२ पासून आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली म्हटले आहे की, सभासदाच्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल समान हेतू दिसल्याशिवाय ॲडमिनला गुन्हेगार धरता येत नाही. कायद्याने सुटला तरी ॲडमिन हा घरचा कारभारी आहे. कोणी निघून गेला तर ते त्यालाच कळते. त्याने त्याच दिवशी त्या घरी जावे.

दुसरी गोष्ट, शास्त्रवचन भांडणात फेकू नये. वचनाच्या आडून मारलेला दगड अधिक लागतो, कारण त्याला उत्तर देणारा देवाशीच भांडतो असे दिसते.

तिसरी गोष्ट हिशेबाची. सार्वजनिक पैशाचा हिशेब विचारणे हा अपमान नव्हे. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने नोंदलेल्या संस्थांना हिशेब ठेवणे आणि तपासून घेणे बंधनकारकच आहे. नोंदणी नसलेल्या लहान मंडळीनेही तोच धडा घ्यावा. कोणी विचारण्याची वाट पाहिली की विचारणारा संशयी ठरतो आणि सांगणारा आरोपी.

आणि एक इशाराही दिला पाहिजे. एकांताची पायरी ही सगळ्याच गोष्टींना लागू नाही. लहान मुलावर अत्याचाराचा संशय असेल तर तेथे ‘आपसात मिटवू’ म्हणणे हे पाप तर आहेच, पण गुन्हाही आहे. २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे ते पोलिसांना कळवावेच लागते. स्त्रीवर हात टाकला गेला असेल तर तिने त्या माणसाला एकटे गाठावे असे सांगणारा माणूस शहाणा नव्हे. बलवानाने दुबळ्याला गप्प बसवण्यासाठी या पायऱ्या नाहीत. बरोबरीच्या माणसांनी पुन्हा एकत्र बसावे म्हणून त्या आहेत.

आमच्या गुरुजींचे काय झाले, असे वाचक विचारतील. मोबाईलवर काहीच मिटले नाही. त्या तरुणाची आई एका सकाळी उठून गुरुजींच्या ओटीवर गेली; तिच्याजवळ मोबाईल नव्हताच. दुसऱ्या दिवशी ती मुलाला घेऊन गेली; बरोबर पाळक होते. गुरुजींनी वही आणि पावत्या काढल्या. दोन तास वाचन चालले. त्यात वाहतुकीची एक रक्कम दोनदा धरलेली आढळली. ती तरुणानेच दाखवली, आणि गुरुजींनी लाल शाईने ती खोडून शेजारी सही केली. म्हणजे प्रश्न विचारायलाच हवा होता. आणि चोरीही कोठे नव्हती. ज्यांनी यहूदाची आठवण काढली होती ते मात्र अजून गुरुजींकडे गेलेले नाहीत, आणि दोन घरे अद्याप रविवारी येत नाहीत. सगळे भांडण सगळ्यांसाठी एकदम मिटत नसते.

आता दिवाळी सरली की नाताळची तयारी सुरू होईल. वर्गणी निघेल, केकची आणि जेवणाची यादी होईल, रोषणाई आणि माइक भाड्याने येईल. त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी, कोणी मागण्याच्या आधी, जमाखर्चाचा कागद शेडच्या भिंतीवर खिळ्याने लावून ठेवावा. ज्याला शंका असेल त्याला तो वाचायला तेथवर चालत यावे लागेल, आणि वाचत असताना हिशेब लिहिणारा माणूस शेजारीच उभा असेल.